नाताळच्या गोधड्या आणि बोस्टनच्या भांडखोर बायका

अमेरिकेत गोधडीकाम करणाऱ्या बायकांचा नाताळ उन्हाळा संपता संपताच सुरू होतो. टेबलावर घालायच्या पट्ट्या, भेटी भरायचे कापडी मोजे, गरम भांडी धरायची फडकी, नव्या नातवंडासाठी दुपटं. डिसेंबर उजाडला की यातलंच काहीबाही चर्चच्या सभागृहात विकायला मांडलं जातं आणि पैसे कुठल्यातरी चांगल्या कामाला जातात. सगळा मामला इतका घरगुती, की त्यामागे राजकारण असेल अशी शंकाही येत नाही. पण आहे, आणि चांगलं जमाव चालून येण्यापर्यंत गेलेलं.

ही गोष्ट बोस्टनची. गंमत म्हणजे या गावाला नाताळ मुळातच मान्य नव्हता. इथल्या प्युरिटन, म्हणजे कर्मठ प्रोटेस्टंट, मंडळींच्या मते बायबलमध्ये या सणाला आधार नाही आणि लोक त्या निमित्ताने दारू पिऊन धिंगाणा घालतात. १६५९ मध्ये, बोस्टन ज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्सने नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड लावला. तो कायदा १६८१ मध्ये गेला, पण मुरलेली नापसंती गेली नाही. राज्यात नाताळची अधिकृत सुट्टी मिळाली ती थेट १८५६ साली.

अशा गावात १८३३ मध्ये ‘बोस्टन फीमेल अँटी-स्लेव्हरी सोसायटी’ स्थापन झाली. गोऱ्या आणि काळ्या बायका एकाच संस्थेत, हे तेव्हा लोकांच्या डोळ्यांवर येण्यासारखंच होतं. पुढच्या वर्षी डिसेंबरात लिडिया मारिया चाइल्ड आणि लुईझा लोरिंग यांनी गुलामगिरीविरोधी कामासाठी हाताने केलेल्या वस्तूंचा बाजार भरवला. जमले ३०० डॉलरच्या आसपास. चाइल्डबाई तोवर काटकसरीच्या संसारावरच्या पुस्तकामुळे घराघरांत माहीत झाल्या होत्या. १८३३ मध्ये त्यांनी गुलामगिरीविरुद्ध पुस्तक लिहिलं आणि वाचकांनी पाठ फिरवली. मुलांसाठी चालवलेलं मासिक सोडावं लागलं. बोस्टन अथेनियम या प्रतिष्ठित ग्रंथालयाने दिलेली सवलतही काढून घेतली.

ऑक्टोबर १८३५ मध्ये सोसायटीच्या सभेवर जमाव चालून आला. महापौरांनी बायकांना घरी जायला सांगितलं. एक गोरी, एक काळी अशा जोडीजोडीने बायका त्या गर्दीतून बाहेर पडल्या आणि सोसायटीतल्याच मारिया वेस्टन चॅपमन यांच्या घरी जाऊन सभा पुरी केली. गुलामगिरीविरोधी पत्रकार विल्यम लॉइड गॅरिसन मात्र जमावाच्या हाती लागले; दोरी बांधून त्यांना रस्त्यातून ओढलं गेलं. पुढची वीसेक वर्षं हा बाजार चालवला तो मुख्यतः या चॅपमनबाईंनी.

वेळ त्यांनी नेमकी साधली होती. नाताळ-नववर्षाला भेटी विकत घेऊन द्यायची चाल तेव्हा नुकती रुजत होती. ती रुजवण्यात या बाजाराचाच हात होता, असं काही अभ्यासक मानतात. माल साधाच, पण बोलका. टाक पुसायच्या फडक्यावर ‘गुलामगिरीचा डाग पुसा’ असं भरतकाम केलेलं. गिऱ्हाईक येणार भेटवस्तू घ्यायला आणि घरी नेणार एक टोमणा. मला ही युक्ती भाषणांपेक्षा जास्त पटते. भाषण विसरता येतं. टाक तर रोजच पुसावा लागतो.

१८३६ च्या बाजारासाठी चाइल्डबाईंनी पाळण्यातली छोटी गोधडी केली. आपल्याकडची गोधडी म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर धावदोऱ्याने घट्ट केलेले. ही त्याहून वेगळी: कापडाचे तुकडे मापात कापून, एकाला एक जोडून, आठ टोकांच्या चांदण्यांच्या रांगा. मधल्या चांदणीत न धुपणाऱ्या शाईने एक कविता लिहिली होती. आई, तुझ्या बाळाला कवेत घेशील तेव्हा जिचं मूल ओढून नेऊन विकलं, त्या काळ्या आईसाठी प्रार्थना कर, असा तिचा आशय. अशी शाई तेव्हा नवलाईची होती. आधीच्या शायांमधल्या लोहाने कापड कुजायचं. १८३० च्या दशकात चांगली शाई आली आणि गोधड्यांवर लिहायची लाटच आली. ही गोधडी पाच डॉलरला गेली. आज ती ‘हिस्टॉरिक न्यू इंग्लंड’ या संस्थेच्या संग्रहात आहे.

कविता एलायझा ली फॉलन यांची. त्यांचे पती चार्ल्स फॉलन जर्मनीतून आलेले, हार्वर्डमध्ये जर्मन शिकवणारे. मुलासाठी त्यांनी घरात मेणबत्त्या लावून नाताळचं झाड सजवलं, आणि १८३५ च्या सुमाराचा तो सोहळा पाहुण्या आलेल्या इंग्लिश लेखिका हॅरिएट मार्टिनो यांनी लिहून ठेवला. न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे बोस्टनच्या आसपासच्या प्रदेशातल्या, सुरुवातीच्या झाडांमध्ये त्याची गणना होते. झाड, भेट आणि गुलामगिरीविरोध एकाच घरात नांदत होते.

एक अडचण मात्र सुईला चिकटलेलीच होती. कापड सुती, आणि कापूस दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला. हे या बायकांनाही कळत होतं. मुक्त मजुरांच्या हातचाच माल विकणारी दुकानं फिलाडेल्फियात निघाली होती, पण तिथलं कापड महाग, नग कमी. चाइल्डबाईंच्या नवऱ्याने गुलामांनी पिकवलेल्या उसाच्या साखरेला पर्याय म्हणून नॉर्थम्प्टनमध्ये बीट लावून पाहिलं. त्यात तो कर्जात बुडाला.

याच सुमारास नॉर्थ कॅरोलिनातल्या ईडन्टनमध्ये हॅरिएट जेकब्ज ही गुलाम बाई मालकाच्या छळापासून लपून बसली होती. आजीच्या घरालगतच्या खोपट्यावरचा पोटमाळा, सर्वांत उंच जागी जेमतेम तीन फूट. तिथे तिने जवळजवळ सात वर्षं काढली. गिरमिटाने पाडलेल्या भोकातून येईल तेवढा उजेड. नाताळ आला की आजी कापड आणून द्यायची आणि ती मुलांसाठी कपडे, खेळणी शिवायची. मुलं खालीच वावरायची. आई वर आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. ‘सांताक्लॉज वगैरे काही नसतं, मोज्यात वस्तू आयाच घालतात,’ असं एका पोराने सांगितल्यावर तिचा मुलगा म्हणाला, तसं कसं असेल, मला आणि बहिणीला त्यानेच नवे कपडे आणले, आमची आई तर कधीची निघून गेली आहे.

१ जानेवारी हा त्या भागात गुलाम भाड्याने द्यायचा दिवस. दुसऱ्या दिवशी नव्या मालकाकडे हजर व्हायचं. नाताळचा आठवडा त्यामुळे किती आयांनी मुलांकडे बघत काढला, तेही जेकब्जबाईंनी लिहिलं आहे. ते आत्मकथन १८६१ मध्ये छापून आलं, आणि त्याचं संपादन केलं पाळण्यातली गोधडी शिवणाऱ्या त्याच लिडिया मारिया चाइल्ड यांनी.

एक लोकप्रिय समजूत इथेच बाजूला ठेवू. कुंपणावर वाळत घातलेल्या गोधड्यांच्या नक्षीत पळून जाणाऱ्या गुलामांसाठी खुणा असायच्या, ही कथा १९९९ पासून फार पसरली. त्या काळच्या आत्मकथनांत तिला आधार सापडत नाही. इतिहासकार ती मानत नाहीत.

चॅपमनबाईंनी १८५८ मध्ये बाजार बंद केला आणि थेट वर्गणी मागायला सुरुवात केली. पण हिशेब, जाहिरात, मांडणी हे सगळं एव्हाना गावोगावच्या बायकांच्या हातात बसलं होतं. गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत पेटलेल्या यादवी युद्धात सैनिकांसाठी गोधड्या शिवणं आणि पैसे उभारायला मेळे भरवणं त्यांनीच उचललं. सिनसिनाटीतला मोठा मेळा १८६३ च्या नाताळातच भरला. त्याआधी दोनच महिने शिकागोचा झाला होता. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याची स्वतःच्या हातची प्रत तिथे दिली, ती ३,००० डॉलरला विकली गेली. शिकागोचा मेळा उभारणाऱ्या मेरी लिव्हरमोर आणि जेन होग इमारतीचा करार करायला गेल्या, तेव्हा पैसे हातात असूनही ठेकेदाराने त्यांच्या सह्या चालणार नाहीत म्हणून सांगितलं. कायद्याप्रमाणे नवऱ्यांच्या लागल्या.