दुरुस्तीला यंत्र देण्यापूर्वी : एन्क्रिप्शन आणि त्याची किल्ली यांविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहिती

नौपाड्यातील आमच्या काउंटरवर येणाऱ्या प्रत्येक लॅपटॉपसाठी आणि मोबाइलसाठी आम्ही पूर्वी जी जॉब शीट भरून घेत असू, तिच्यात नाव, फोन नंबर आणि तक्रार यांच्या खाली ‘पासवर्ड’ असा एक रकाना होता. बहुतेक ग्राहक तो निःशंकपणे भरीत. काही जण तर मागे रांगेत उभ्या असलेल्या चौघांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत. दुरुस्ती झाली की ती जॉब शीट फाइलला लागे आणि वर्षभर कपाटात पडून राही. हा रकाना आम्ही आता काढून टाकला आहे. तो का काढला, आणि यंत्र आमच्याकडे देण्यापूर्वी आपण स्वतःजवळ काय जपून ठेवले पाहिजे, हे सांगण्यासाठी हे पत्रक छापले आहे.

कुलपाची रचना सर्वांना ठाऊक, किल्ली एकालाच

आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी च-ची भाषा बोलून पाहिली असेल. शब्दाचे पहिले अक्षर शेवटी न्यायचे आणि सुरुवातीला ‘च’ लावायचा, की ‘दुकान’चे ‘चकानदु’ होते आणि ‘पैसे’चे ‘चसेपै’. मजकूर उघड असतो, पण ज्याला रीत माहीत नाही त्याला अर्थ लागत नाही. एन्क्रिप्शन म्हणजे मूलतः हेच होय. मात्र च-ची भाषेत एक मोठी खोट आहे, ती अशी की रीत एकदा फुटली की सगळे गुपित फुटते, आणि म्हणूनच ती भाषा आईला कळते हे लक्षात येताच तिचा उपयोग संपतो.

ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने १८८३ मध्येच असे मांडले होते की, गुप्तलेखनाची रीत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहायला हवी ती केवळ किल्ली. आजचे एन्क्रिप्शन याच तत्त्वावर चालते. आपल्या फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये आणि बँकेच्या संकेतस्थळावर बहुधा जी पद्धत वापरलेली असते ती ‘एईएस’ या नावाने ओळखली जाते. योआन दामेन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन तज्ज्ञांनी ती रचली, २००१ मध्ये अमेरिकेने ती प्रमाण म्हणून स्वीकारली, आणि तिचा प्रत्येक टप्पा कोणालाही वाचता येईल असा छापलेला आहे. तरीही ती टिकून आहे, कारण तिच्या सर्वांत लहान किल्लीचेही इतके पर्याय संभवतात की त्यांची संख्या लिहायला ३९ अंक लागतात. एकेक किल्ली लावून पाहणे हा मार्ग जगातील सर्व संगणक एकत्र आणूनही पार पडणारा नाही. तेव्हा कोणी चोर किंवा आमच्यासारखा दुरुस्तीवाला हे कुलूप ‘फोडतो’ असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा किल्ली त्याला कोणीतरी दिलेली असते किंवा ती सहज सापडेल अशी ठेवलेली असते.

फोन : रीस्टार्टनंतर बोट का चालत नाही

हा प्रश्न आम्हाला जवळजवळ रोज विचारला जातो आणि त्याच्या उत्तरातच सगळे मर्म आहे. आजच्या फोनमधील फोटो, संदेश, संपर्क हे सर्व एन्क्रिप्ट करूनच साठवलेले असते. त्यांची किल्ली, आपण टाइप करतो तो पिन आणि फोनच्या चिपमध्ये कायमची बसवलेली एक गुप्त संख्या, या दोहोंच्या मेळातून तयार होते. फोन नव्याने सुरू झाला की ही किल्ली अजून तयारच झालेली नसते. बोटाच्या ठशातून ती तयार करता येत नाही, म्हणून पहिल्यांदा पिन द्यावाच लागतो. त्यानंतर बोटाने केवळ दार उघडायचे. आयफोन रीस्टार्ट करून पिन न देता तसाच ठेवला आणि त्यावर कोणाचा फोन आला, तर नाव न दिसता नुसता नंबर दिसतो, कारण संपर्कयादी तोवर कुलपातच असते. आपण घरी हा प्रयोग करून पाहू शकता.

याचा व्यवहारातील अर्थ असा की, ठाणे स्टेशनवर लोकलच्या दारात कोणी हातावर फटका मारून बंद किंवा लॉक असलेला फोन पळवला, तर चोराच्या हाती लागते ते मुख्यतः यंत्र. मेमरी चिप काढून दुसऱ्या फोनला लावली तरी त्याला काही वाचता येत नाही, कारण किल्लीचा अर्धा भाग मूळ चिपमध्ये आणि अर्धा आपल्या डोक्यात असतो. मात्र हा डोक्यातला अर्धा भाग बळकट हवा. चार अंकी पिनचे एकूण पर्याय १०,००० आणि सहा अंकीचे १०,००,०००. त्यातही जन्मसाल किंवा गाडीचा नंबर ठेवला तर ही संख्या कागदावरच राहते. शिवाय लॉक केलेल्या पडद्यावर संदेशाचा मजकूर दिसत असेल, तर ओटीपी वाचायला चोराला कोणतेही कुलूप उघडावे लागत नाही. आणि सिम कार्डाला वेगळा पिन लावलेला नसेल, तर ते दुसऱ्या फोनमध्ये घालून येणारे ओटीपी त्यालाच मिळतात. म्हणूनच, फोन कितीही भक्कम एन्क्रिप्ट केलेला असला तरी, तो हरवताच सिम बंद करून घेणे हे पहिले काम आहे.

लॅपटॉप : ४८ अंकांची गोष्ट

गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रोडवरून गणिताच्या एक निवृत्त शिक्षिका आपला लॅपटॉप घेऊन आल्या. रात्री उघड्या राहिलेल्या खिडकीतून पाणी आत गेले होते. मदरबोर्ड गेला होता. एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारी डिस्क, मात्र सुखरूप होती. पूर्वी अशा वेळी आम्ही डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावत असू आणि अर्ध्या तासात फाइली पेनड्राइव्हवर देत असू. या वेळी डिस्क लावताच पडद्यावर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजमधील डिस्क एन्क्रिप्ट करणाऱ्या सोयीची, सूचना आली आणि तिने ४८ अंकी रिकव्हरी की मागितली. “मी असले काही लावलेलेच नाही,” असे बाई म्हणाल्या, आणि ते खरेच होते. विंडोज ११ असलेल्या अनेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खाते जोडून यंत्र सुरू केले की डिस्कचे एन्क्रिप्शन आपोआप चालू होते. एरवी किल्ली मदरबोर्डवरील सुरक्षा चिपमधून परस्पर मिळत राहते, त्यामुळे कुलूप आहे हे मालकाच्या ध्यानातही येत नाही. मदरबोर्ड बदलला किंवा डिस्क दुसरीकडे नेली, की तेच कुलूप मालकालाच आडवे येते.

लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करून देताना मुलाने स्वतःचे खाते जोडले होते, हे बाईंना आठवले. मुलगा पुण्याला असतो. त्याने आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात पाहिले, तर त्या यंत्राच्या नावापुढे किल्ली होती : सहा-सहा अंकांचे आठ गट. तो फोनवर दोन-दोन अंकांनी वाचत गेला आणि ‘एकोणसाठ’ की ‘एकोणसत्तर’ यात गोंधळ होऊन किल्ली लागेना. या किल्लीच्या प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो, हे आम्ही सहज बोलता बोलता सांगितले. बाईंनी ताबडतोब पावती उलटी केली, प्रत्येक गटातील एक आड एक अंकांच्या बेरजा करून वजा केल्या आणि पाचव्या गटावर बोट ठेवले. चूक तिथेच होती. ही हकिकत त्यांच्या परवानगीने सांगत आहोत.

ज्यांना असा मुलगा, असे खाते किंवा कागदावर उतरवलेली किल्ली सापडत नाही, त्यांच्यासाठी आम्ही काहीही करू शकत नाही. हे आम्ही स्पष्ट लिहीत आहोत, कारण असा नकार ऐकून काही ग्राहकांना आम्ही टाळाटाळ करत आहोत असे वाटते, आणि मग दुसरीकडे ‘सगळे काढून देतो’ असे सांगणारा कोणी भेटला की आगाऊ रक्कम देऊन ते परत येतात. जे कुलूप चोराला उघडता येत नाही ते आम्हालाही उघडता येत नाही; यात आमच्या कौशल्याचा प्रश्न येत नाही. लॅपटॉप ठणठणीत असतानाच आपल्या खात्यात जाऊन ती किल्ली कागदावर लिहून घ्यावी आणि तो कागद घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवावा. लॅपटॉपच्या बॅगेत मात्र ठेवू नये. आमच्याकडे अशा बॅगा आलेल्या आहेत.

व्हॉट्सॲप आणि झेरॉक्सचे दुकान

व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ पासून सर्व संदेशांना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एन्क्रिप्शन लागू केले. दोन अनोळखी फोन, मध्ये सगळे ऐकू जाणारी वाट असताना, एकमेकांची किल्ली आपसात कशी ठरवतात, या कोड्याचे उत्तर व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये दिले, आणि आजची सगळी संदेश-ॲप त्याच पायावर उभी आहेत. एखाद्या संभाषणात ‘सिक्युरिटी कोड बदलला’ अशी ओळ दिसते तेव्हा बहुधा समोरच्याने फोन बदललेला किंवा ॲप नव्याने घातलेले असते. त्याची किल्ली नवी झाली एवढाच तिचा अर्थ. त्याच वेळी तीच व्यक्ती पैसे मागू लागली, तर मात्र आवाज ऐकून खात्री करावी.

मात्र ‘टोकापर्यंत’ या शब्दाकडे नीट पाहावे. स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात भाडेकराराची प्रत काढायची असली की आपण काय करतो? काचेवर चिकटवलेल्या नंबरवर आधार, पॅन आणि करारनामा व्हॉट्सॲपवर पाठवतो. आपल्या फोनपासून दुकानातील संगणकापर्यंतच्या वाटेवर ते कोणालाही वाचता येत नाही, अगदी व्हॉट्सॲप कंपनीलाही नाही. पण ते दुकान हेच दुसरे टोक आहे. तिथे फाइल उघडली जाते, डाउनलोडच्या फोल्डरमध्ये उतरते आणि आधीच्या शेकडो लोकांच्या कागदांशेजारी राहते. दुकानदाराच्या मनात काही वाईट नसते. फाइली पुसण्याइतकी उसंत त्याला नसते. प्रत हातात पडताच संदेश ‘सर्वांसाठी हटवा’ म्हणून काढला तरी आधी डाउनलोड झालेली फाइल राहूच शकते. त्यामुळे समोर उभे राहून ती पुसून घ्यावी, आणि जिथे चालत असेल तिथे पहिले आठ अंक झाकलेले आधार वापरावे. यूआयडीएआयकडून मिळणाऱ्या आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो हे खरे. पण तो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मसाल यांचा बनतो, म्हणजे ज्याच्याकडे आपली एखादी जुनी झेरॉक्स आहे त्याच्याकडे किल्लीही आहे.

बॅकअपची बाब अशीच निसटते. गुगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर जाणाऱ्या व्हॉट्सॲपच्या बॅकअपला तेच टोकापर्यंतचे एन्क्रिप्शन देण्याची सोय २०२१ पासून आहे, पण ती सेटिंगमध्ये जाऊन आपली आपणच चालू करावी लागते. तिचा पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली हरवली तर तो बॅकअप कायमचा गेला, हेही त्यासोबत आलेच.

बँक आणि यूपीआय यांविषयी थोडक्यात एवढेच सांगतो की, संकेतस्थळाच्या पत्त्यापूर्वीचे ‘एचटीटीपीएस’ म्हणजे वाट सुरक्षित आहे. वाटेच्या शेवटी बसलेला माणूस सचोटीचा आहे अशी ग्वाही त्यात नाही, आणि फसव्या संकेतस्थळांनाही ते सहज मिळते. ब्राउझरमधले कुलपाचे चिन्ह पाहून लोक गाफील राहतात हे लक्षात आल्यावर गुगलने २०२३ मध्ये क्रोममधून ते चिन्हच काढले. यूपीआयचा पिन आपल्या फोनमध्येच एन्क्रिप्ट होऊन बाहेर पडतो; परंतु तो पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही नाही.

“आमच्या फोनमध्ये लपवण्यासारखे काय आहे?”

हे वाक्य आम्ही बऱ्याचदा ऐकतो आणि त्याशी आम्ही सहमत नाही. शिकवण्या घेणाऱ्या बाईंच्या फोनमध्ये मुलांच्या आईवडिलांचे नंबर आणि कोणाची फी थकली आहे ती यादी असते. सोसायटीच्या खजिनदाराकडे सगळ्या इमारतीचा हिशेब असतो. डॉक्टरांच्या फोनमध्ये रुग्णांचे रिपोर्ट असतात. फोन एकाचा असला तरी त्यातील खासगी गोष्टी अनेकांच्या असतात. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय एकमताने दिला, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने दुसऱ्याची माहिती हाताळणाऱ्यांवर ती सांभाळण्याची जबाबदारी टाकली. पासवर्डच्या रकान्याचा विचार आम्ही करू लागलो तो यानंतरच. आधी करायला हवा होता.

आमची सध्याची पद्धत

स्क्रीन, बॅटरी किंवा चार्जिंगची जोडणी बदलण्यासाठी आम्ही पिन विचारत नाही. काम झाल्यावर कॅमेरा आणि स्पीकर तपासावे लागतात, तेव्हा फोन आपल्यासमोर आपणच उघडावा. सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये ‘मेंटेनन्स मोड’ आणि गुगल पिक्सेलमध्ये ‘रिपेअर मोड’ असतो. तो चालू करून दिला तर आपले फोटो आणि संदेश आमच्यापासून झाकलेले राहतात आणि तपासणीही पूर्ण होते. लॅपटॉप उघडणे अपरिहार्य असेल तर त्यापुरता तात्पुरता पासवर्ड ठेवावा आणि घरी जाताच बदलावा.

जुना फोन विकायचा असल्यास आधी खाती काढून फॅक्टरी रीसेट करावा. त्याने किल्लीच नष्ट होते आणि उरलेली माहिती निरर्थक आकडे होऊन बसते. जुन्या, एन्क्रिप्ट न केलेल्या हार्ड डिस्कचे तसे नाही. तिच्यावरची फाइल पुसली तरी मजकूर बराच काळ तसाच असतो आणि साध्या सॉफ्टवेअरने परत मिळतो. अशी डिस्क भंगारात देऊ नये. आमच्याकडे आणल्यास आपल्यासमोर भोक पाडून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

दुरुस्तीला येताना बॅकअप घेतलेला असावा, सिम आणि मेमरी कार्ड काढलेले असावे आणि लॅपटॉप असल्यास रिकव्हरी की आपल्या हाताशी असावी. ती आम्हाला लिहून देऊ नये, लागल्यास आम्ही की-बोर्ड आपल्याकडे वळवू. चार्जर मात्र आठवणीने आणावा, कारण तो बहुतेक जण घरी विसरतात.