धनुष्याच्या दोन भुजांचा तोल : पार्श्वभूमी

परशुरामाने सह्याद्रीवरून सोडलेला बाण जिथे पडला ती बाणावली, ही कथा गोव्यात लहानथोरांना ठाऊक आहे. पण धनुष्य घडते कसे, याची चर्चा आपल्याकडे क्वचितच होते. कौटिलीय अर्थशास्त्रात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग या चार जिनसांच्या धनुष्यांचा उल्लेख येतो. जिन्नस कोणताही असो, दोन्ही भुजा (मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग) एकसारख्या वाकवणे, म्हणजेच ज्याला टिलरिंग म्हणतात ते काम, हीच कारागिराची खरी कसोटी असते.

डेन्मार्कमधील होल्मेगार्डच्या दलदलीत १९४४ मध्ये मिळालेल्या, सुमारे ९,००० वर्षांपूर्वीच्या एल्मच्या धनुष्यांच्या भुजा रुंद आणि चपट्या आहेत. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रजी जहाजावरील यू लाकडाच्या धनुष्यांत पाठ (धनुर्धराच्या पलीकडची बाजू) सालीलगतच्या, ताण सोसणाऱ्या लाकडाची, तर पोट (धनुर्धराकडची बाजू) दाब सोसणाऱ्या गाभ्याचे आहे.

आपल्या माणग्यालाही, म्हणजे भरीव जातीच्या बांबूलाही, हाच न्याय लागू पडतो. सालीकडची बाजू ही पाठ; तिला सुरी लावायची नाही, तासायचे ते पोटाकडूनच. अंगणातल्या खांबाच्या माथ्यावर कामटीची मूठ टेकवून दोरी हळूहळू खाली ओढली की, एक भुजा पेराजवळ ताठ राहते आणि दुसरी एकाच जागी कोपरासारखी दुमडते, हे डोळ्यांना स्पष्ट दिसते. ताठ भागावर कोळशाने खूण करून तेवढेच खरवडावे. दुमडणाऱ्या जागेला हात लावू नये. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे जाडी दहा टक्क्यांनी घटली तर ताठपणा सुमारे २७ टक्क्यांनी घटतो. रुंदी तेवढीच घटवली तर दहाच टक्क्यांनी. इथे घाई केली की कामटी वाया जाते, आणि हे मला फार महत्त्वाचे वाटते.

बाण मुठीच्या वरून जातो, त्यामुळे दोरी मध्याच्या किंचित वर ओढली जाते. म्हणून खालची भुजा जरा ताठ ठेवण्याची रीत आहे. जपानने वेगळी वाट धरली : तिथली मूठ खालून साधारण एक-तृतीयांशावर असते, आणि वरची भुजा लांब व खालची आखूड अशा धनुष्यांची नोंद तिसऱ्या शतकातील चिनी इतिहासग्रंथात आहे.

१९३० च्या दशकात अमेरिकेत क्लॅरेन्स हिकमन आणि पॉल क्लॉप्स्टेग या भौतिकशास्त्रज्ञांनी गणित आणि मोजमापांच्या आधारे चपट्या, आयताकृती छेदाच्या भुजेचा पुरस्कार केला. माणग्याची कामटी मुळातच चपटी निघते.