किनाऱ्यावरील पदभ्रमण आणि दीपगृहभेट : नाव नोंदवण्यापूर्वी वाचावयाची माहिती

आमच्या एकदिवसीय सहलीविषयी सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न निघण्याच्या वेळेचा असतो, आणि एका तारखेला पहाटे साडेपाच तर दुसऱ्या तारखेला सकाळी नऊ असे उत्तर मिळाल्यावर अनेकांना त्याचे आश्चर्य वाटते. ही वेळ आम्ही आमच्या सोयीने बदलत नाही. कड्यांच्या पायथ्याने जाणारी वाट, लाटांनी झिजलेल्या कातळावरचा टप्पा आणि काही दीपगृहांपर्यंत पोहोचवणारा खडकांचा पट्टा केवळ ओहोटीतच उघडा पडतो. त्यामुळे सहलीचे वेळापत्रक आधी भरती-ओहोटीच्या कोष्टकावरून ठरते, आणि वाहन, विश्रांती व दीपगृहात शिरण्याची वेळ त्यानंतर त्यात बसवली जाते. हे कोष्टक कसे वाचावे हे आपल्याला ठाऊक असेल तर दिवसभरातील आमच्या बहुतेक सूचनांमागचे कारण आपोआप उलगडेल, म्हणून या पत्रकाची सुरुवात तेथूनच करत आहोत.

समुद्राचे घड्याळ

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते आणि लागोपाठच्या दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटांचे अंतर असते. याचा अर्थ असा की भरती आणि ओहोटी दोन्ही रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकतात आणि आठवड्याभरात हा फरक जवळजवळ सहा तासांचा होतो. गेल्या रविवारी सकाळी दहा वाजता ज्या वाळूवरून आपण कोरड्या पायांनी चालत गेलात, तेथे या रविवारी त्याच वेळी भरतीचे पाणी असण्याचीच शक्यता अधिक. काही किनाऱ्यांवर मात्र दिवसाला एकच भरती येते, त्यामुळे एका ठिकाणचा अनुभव दुसऱ्या ठिकाणी जसाच्या तसा लावू नये.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही, ही गोष्ट त्याहूनही महत्त्वाची आहे. खलाशांमध्ये रूढ असलेल्या ठोकताळ्यानुसार ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पाण्याची एकूण चढ बारा भागांत वाटली, तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या व चौथ्या तासात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक भाग पाणी चढते. भरती आणि ओहोटीच्या पातळीत 4 मीटरचा फरक असलेल्या किनाऱ्यावर पहिल्या तासात जेमतेम 33 सेंटीमीटर पाणी वाढते, तिसऱ्या तासात मात्र तेच 1 मीटरने वाढते. दर 50 मीटरला 1 मीटर इतका मंद उतार असलेल्या पुळणीवर त्या एका तासात समुद्र 50 मीटर आत येतो. पहिल्या तासात पाण्याची फारशी हालचाल दिसत नसल्यामुळे माणूस निश्चिंत होतो आणि पुढच्या दोन तासांत कड्याखालच्या एखाद्या खाचेत अडकतो. म्हणूनच आम्ही ओहोटीची वाट पाहत थांबत नाही. पाणी उतरत असतानाच त्याच्या मागोमाग निघतो आणि सर्वांत अवघड वळण ओहोटीच्या नीचतम क्षणापूर्वी पार करतो, म्हणजे काही कारणाने थांबावे लागले तरी हाताशी वेळ उरतो.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास, बहुधा त्यानंतर एक-दोन दिवसांनी, उधाणाची भरती येते. त्या दिवसांत ओहोटी फार खोलवर जाते आणि एरवी न दिसणारे खडक, शेवाळाची कुरणे व पाण्याने भरलेली कुंडे पाहायला मिळतात. परंतु परतणारे पाणीही तितक्याच जोराने येते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा फरक कमी आणि वाट अरुंद असते. कोष्टकातील आकडे सामान्य हवामान गृहीत धरून काढलेले असतात. हवेचा दाब 1 हेक्टोपास्कलने उतरला तर समुद्राची पातळी सुमारे 1 सेंटीमीटरने वाढते, आणि किनाऱ्याकडे सतत वाहणारा वारा त्यात आणखी भर घालतो. वादळी हवा असताना कोष्टकावर विसंबून आम्ही खालच्या वाटेने जात नाही, आणि याबाबत कोणाच्याही आग्रहाला आम्ही मान देऊ शकत नाही.

चालण्याविषयी

किनाऱ्यावरची वाट सपाट असेल असे अनेकजण गृहीत धरतात आणि पहिल्याच तासात थकतात. कड्यावरून जाणारी वाट प्रत्येक ओढ्याच्या मुखाशी समुद्रपातळीपर्यंत उतरते आणि पलीकडे पुन्हा तितकीच चढते, त्यामुळे मार्गावरचे सर्वांत उंच ठिकाण 80 मीटरचे असले तरी दिवसभरातील एकूण चढ 500 मीटरवर सहज जाऊ शकतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये सांगितलेला हिशेब आजही उपयोगी पडतो : सपाटीवर तासाला साधारण 5 किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढासाठी वर एक तास. या हिशेबाने 12 किलोमीटर आणि 500 मीटर चढाच्या वाटेला सव्वातीन तास लागतात. परंतु त्यात विसावा नसतो, मऊ वाळू नसते आणि छायाचित्रांसाठी थांबणेही नसते, म्हणून आम्ही त्याच वाटेसाठी पाच तास धरतो.

कड्याच्या काठाविषयी आम्ही जितके सांगू तितके थोडेच आहे. लाटा कड्याचा पाया आतून कोरत असतात आणि वरचा गवताचा थर बरेचदा पोकळीवर अधांतरी उभा असतो, हे वरून पाहणाऱ्याला मुळीच कळत नाही. पावसानंतर अशी माती पाणी शोषून जड झालेली असते. आपल्या वाटाड्याने दाखवलेल्या अंतराच्या पुढे कृपया जाऊ नये आणि काठाकडे पाठ करून छायाचित्र काढून घेऊ नये. त्याचप्रमाणे कड्याच्या अगदी पायथ्याशी बसूनही विश्रांती घेऊ नये, कारण तेथे दगड कोसळतात, आणि ताजे, धारदार कडांचे दगड पडलेले दिसले तर ती जागा लवकरात लवकर ओलांडावी.

खडकांवर उतरण्यापूर्वी आम्ही किमान दहा मिनिटे नुसते उभे राहून समुद्र पाहतो. लाटा एकाच मापाच्या येत नाहीत. लहान लाटांनंतर मोठ्या लाटांचा गट येतो, आणि एखादी लाट इतरांच्या जवळजवळ दुप्पट उंचीची असू शकते. शेकडो किलोमीटर दूरच्या वादळातून निघालेल्या लाटा येथे स्वच्छ उन्हात येऊन आदळतात, त्यामुळे निरभ्र आकाश हा शांत समुद्राचा पुरावा नव्हे. खडक जेथवर ओला दिसतो, तेथवर लाट येते असेच समजावे. काळा किंवा हिरवा, चकचकीत थर असलेल्या खडकावर चांगल्या पकडीचे बूटही घसरतात.

दीपगृहात काय पाहावे

दीपगृह आधी बाहेरून नीट पाहावे. रंगांचे पट्टे शोभेसाठी नसून दिवसा जहाजांना ते दीपगृह कोणते हे ओळखता यावे यासाठी असतात. सर्व दीपगृहे उंच का नसतात, याचेही उत्तर जागेवरच मिळते : महत्त्व मनोऱ्याच्या उंचीला नसून समुद्रसपाटीपासून दिव्याच्या उंचीला असते. दिवा 36 मीटर उंचीवर असेल तर पृथ्वीच्या वक्रतेमुळे क्षितिज सुमारे 21 किलोमीटरवर येते, आणि जहाजावरील निरीक्षकाचा डोळा 9 मीटर उंचीवर असेल तर त्याचे 11 किलोमीटर त्यात मिळून तो दिवा साधारण 32 किलोमीटरवरून दिसू लागतो. मात्र अति उंचीही कामाची नसते. दक्षिण आफ्रिकेतील केप पॉइंट येथे 1860 साली समुद्रसपाटीपासून 200 मीटरहून अधिक उंचीवर दीपगृह उभारले गेले, पण धुके आणि ढग त्याला वारंवार झाकून टाकत. 1911 मध्ये लुसिटानिया हे पोर्तुगीज जहाज तेथील खडकावर आदळले आणि त्यानंतर 87 मीटर उंचीवर नवे दीपगृह बांधण्यात आले. उंच कड्याच्या निम्म्यावर उभे असलेले एखादे ठेंगणे दीपगृह दिसले तर हे आवर्जून आठवावे.

आत, जिन्याच्या शेवटी, खरे पाहण्यासारखे असते ते भिंग. दिव्याचा प्रकाश चहूकडे पसरून वाया जाऊ नये म्हणून फ्रेंच शास्त्रज्ञ ओगुस्तँ फ्रेनेल यांनी काचेच्या लोलकांची वर्तुळे एकाभोवती एक रचून तो एकाच दिशेला वळवला आणि 1823 मध्ये फ्रान्समधील कोर्दुआँ दीपगृहात ही रचना प्रथम कार्यान्वित झाली. अनेक दीपगृहांत अनेक टन वजनाची ही भिंगे पाऱ्याच्या कुंडात तरंगती ठेवलेली असत, त्यामुळे ती अगदी हलक्या जोराने फिरत. पाऱ्याची वाफ विषारी असल्याने अशा ठिकाणी कठड्यापलीकडे हात घालण्यास सक्त मनाई असते. दिवसा खिडक्यांना पडदे लावलेले दिसतील, कारण हेच भिंग आत येणारे ऊनही एकवटते आणि त्यामुळे दिव्याचे नुकसान होऊ शकते किंवा आग लागू शकते. काचेला बोट लावू नये ही विनंती केवळ शिस्तीपोटी नाही. बोटांचा तेलकट डाग लोलकावर राहतो आणि तो जपून साफ करण्याचे काम फार वेळखाऊ असते.

प्रत्येक दीपगृहाच्या झोतांची स्वतःची लय असते, आणि खलाशी नकाशावरील नोंदीशी ती ताडून आपले स्थान निश्चित करतात. दहा सेकंदांत तीन झोत असे लिहिलेले असेल, तर एका गटाच्या पहिल्या झोतापासून पुढच्या गटाच्या पहिल्या झोतापर्यंत वेळ मोजावी. काही दीपगृहांत ठरावीक दिशेला तांबडा प्रकाश पडतो आणि तो बहुधा त्या बाजूच्या धोक्याच्या खडकांची सूचना देतो. सूर्यप्रकाश मावळताच वायूचा दिवा आपोआप सुरू करणारी झडप स्वीडनच्या गुस्ताफ दालेन यांनी तयार केली आणि त्यांना 1912 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे बहुतेक दीपगृहे स्वयंचलित झाली, तेथे रखवालदार राहत नाहीत आणि म्हणून आत प्रवेश ठरलेल्या वेळीच मिळतो. भरती आणि ही वेळ यांचा मेळ ज्या तारखांना बसत नाही, त्या तारखांना आम्ही सहलच ठेवत नाही.

जिना अरुंद व गोल असतो आणि शेवटचा टप्पा अनेकदा उभ्या शिडीचा असतो. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यांवर अधिक ताण येतो. सामान खाली ठेवावे, एक हात कायम कठड्यावर असावा, आणि उंचीची भीती वाटत असल्यास खालीच थांबण्यात काहीही कमीपणा नाही. आपल्यासोबत आमचा एक सहकारी थांबेल.

सोबतचे साहित्य आणि नोंदणी

घोट्याला आधार देणारे, पायांना सवयीचे झालेले बूट, किमान दोन लिटर पाणी, वारा अडवणारे जाकीट आणि कडेची टोपी एवढे पुरेसे आहे. समुद्रावरचा गार वारा ऊन जाणवू देत नाही, त्यामुळे ढगाळ दिवशीही त्वचेला संरक्षक लेप लावावा. वीज, दाट धुके किंवा उसळलेला समुद्र यांची शक्यता असेल तर आदल्या संध्याकाळी आम्ही आपल्याला दूरध्वनीने कळवतो आणि पूर्ण रक्कम परत करतो किंवा दुसरी तारीख देतो. वाटेत हवा बिघडली तर वरच्या वाटेने माघारी फिरण्याचा निर्णय वाटाड्याचा असेल. नोंदणीच्या अर्जात हृदयविकार, दमा, भोवळ किंवा गुडघ्याचे दुखणे असल्यास ते स्पष्ट लिहावे. त्यावरून आपल्याला नकार दिला जात नाही, तर आपल्यासाठी योग्य तारीख आणि मार्ग निवडला जातो.