कोणतं औषध?

मराठवाड्यात कपाशीवर ‘औषध’ मारतात. ‘कीटकनाशक’ हा शब्द फक्त बाटलीवर. त्यामुळे ‘फवारताना औषध लागलं’ असा फोन आला की २०१४ पासून धावणाऱ्या १०८च्या गाडीतल्या डॉक्टरचा पहिला प्रश्न: कोणतं औषध? बाटली हाताशी ठेवा. तणनाशक निघालं तर सगळाच हिशोब बदलतो. पॅराक्वाटला उतारा नाही, आणि सवयीनं लावलेला ऑक्सिजनही त्यात फुप्फुसाला बाधू शकतो.

मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस ही ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं. नसांच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलीन निरोप पोचवतं. काम झालं की एक विकर (एन्झाइम) त्याचे तुकडे करतं. विष त्या विकरालाच जखडतं, मग निरोप थांबतच नाहीत. लाळ, घाम, डोळ्यांना पाणी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. खरा घात छातीत होतो. श्वासनळ्या स्रावानं भरतात आणि माणूस कोरड्या शिवारात बुडू लागतो.

इथं अ‍ॅट्रोपिन लागतं. ते विष काढत नाही, निरोप पोचायची दारं अडवतं. स्राव आटतो, मंदावलेली नाडी वर येते. स्नायूंची दारं मात्र वेगळी. तिथं त्याचं चालत नाही. श्वासाचे स्नायू थकले तर अंबू बॅग, म्हणजे हातानं श्वास द्यायची पिशवी, दाबत राहावी लागते.

आपल्याकडची अ‍ॅट्रोपिनची अँप्युल (काचेची कुपी) साधारण ०.६ मिलिग्रॅमची. मोठ्या माणसाला सुरुवातच तीन ते पाच अँप्युलनी, शिरेतून. पाच मिनिटांनी छाती ऐकायची. घुरघुर कायम असेल तर आधीच्या दुप्पट. बाहुल्यांकडे बघून हे ठरवत नाहीत. छाती कोरडी झाली का, नाडी आणि वरचा रक्तदाब ८०च्या वर गेला का, ते बघतात.

गाडी येईस्तोवर भिजलेले कपडे काढून अंग साबणानं धुवावं, धुणाऱ्यानं हातमोजे घालून. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायची खोड मात्र सोडायलाच हवी. ओकताना औषधातलं द्रावक फुप्फुसात उतरतं.

अ‍ॅट्रोपिन आपल्या बांधावरच्या धोतऱ्यातही असतं, महाशिवरात्रीला औंढ्याच्या नागनाथाला वाहतात त्याच. (वाटून कुणाला पाजू नका, कोणत्या फळात किती असेल याचा नेम नाही.) इंजेक्शनचा डोस जास्त झाला तर रोगी धोतरा खाल्ल्यासारखाच बरळतो, हवेतलं काहीबाही वेचतो, अंग कोरडं आणि तापलेलं. मग इंजेक्शन थांबवतात. तो जरा भानावर आला की अ‍ॅट्रोपिनच पुन्हा, या वेळी कमी वेगानं, सलाईनमधून.