सोन्याच्या वर्खातली गोळी आणि पक्षाघात

‘आनगोंग न्यूह्वांग’ या पारंपरिक चिनी औषधाची सोन्याच्या वर्खातली एक गोळी घरात जपून ठेवा, पक्षाघाताचा झटका आला की तोंडात घाला, मेंदू वाचतो. चीनमध्ये हा समज घरोघरी आहे. कुणी ती थंडीत प्रतिबंधक म्हणूनही घेतात.

मुळात ही गोळी पक्षाघातासाठी बनलेलीच नव्हती. चीनमधल्या छिंग राजवटीच्या काळातले वैद्य वू जूथोंग यांनी ती तीव्र ज्वरात रुग्ण बरळू लागतो, शुद्ध हरपतो, त्या अवस्थेसाठी सांगितली. तिच्यात गोरोचन (गुरांच्या पित्ताशयातला खडा), कस्तुरी, हिंगूळ आणि मनशीळ असते. पूर्वी गेंड्याचे शिंगही असे. १९९३ साली चीनने त्यावर बंदी घातली आणि म्हशीचे शिंग आले. हिंगुळात पारा, मनशिळीत आर्सेनिक. अशी गोळी सुदृढ माणसाने ‘टॉनिक’ म्हणून खायची म्हणजे कमालच!

पण खरा धोका वेगळाच. झटक्यात गिळण्याची क्रिया बिघडते. मधात वळलेली ३ ग्रॅमची चिकट गोळी श्वासनलिकेत गेली तर? शिवाय झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे स्कॅनशिवाय कळत नाही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. गोळीचा गुण येण्याची वाट पाहताना तेच तास निघून जातात.

चिनी औषधांच्या चाचण्या होतातच. मेंदूतल्या रक्तस्रावावरच्या ‘चोंगफेंग शिंगनाव’ या दुसऱ्या काढ्याची चीनमध्ये १,६०० हून अधिक रुग्णांवर चाचणी झाली. २०२४ साली निकाल आला: काढा घेणारे आणि तसेच दिसणारे पण औषध नसलेले नकली द्रव्य (प्लासिबो) घेणारे, ९० दिवसांनी दोघांत फरक नाही.