ब्लॉग वेगळा, लेखिकेची वेबसाइट वेगळी! (प्रेमकथावाल्यांनी तरी वाचा)

गेल्या महिन्यात परत तेच. एक लेखिका फोनवर म्हणाल्या, "ताई, वेबसाइट आहे माझी, फक्त जरा रोमँटिक करून द्या, गुलाबी वगैरे." मी लिंक मागितली, उघडली, तर वर संक्रांतीच्या शुभेच्छा, खाली "घरी पाहुणे आल्यामुळे पुढचा भाग उद्या", त्याखाली भाग ६१, त्याखाली भाग ६०. बाईंचं लिखाण छान आहे हो, त्याबद्दल तक्रार नाही, पण ही वेबसाइट नाहीये, हा ब्लॉग आहे, आणि त्याला गुलाबी रंग फासला तर तो गुलाबी ब्लॉग होईल, बस. हे इतक्या जणींना इतक्या वेळा सांगून झालंय की आता एकदाचं लिहूनच टाकते, पुढच्या वेळी लिंक पाठवली की मी सुटले.

गोंधळ होतो त्याला कारण आहे म्हणा, दोन्ही एकाच कढईत होतात. ब्लॉगर (ब्लॉग बनवायची फुकट सोय) १९९९ पासून आहे, २००३ मध्ये ते गूगलनं घेतलं, त्याच वर्षी वर्डप्रेस आलं, तेही मुळात ब्लॉगसाठीच, मग हळूहळू लोक त्यात दुकानं, शाळांच्या साइट, लग्नपत्रिका सगळंच करायला लागले. पण ज्या कढईत भजी तळली त्यातच शिरा परतला म्हणून शिऱ्याला कोणी भजी म्हणत नाही.

ब्लॉग काय असतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये, रोज लिहिता, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. लिहिलं, पब्लिश केलं, नवीन वर, जुनं खाली, कमेंटमध्ये "पुढचा भाग कधी?", झालं.

आता फरक. लोक तो भलत्याच ठिकाणी शोधतात. पैसे भरून डोमेन घेतलं की वेबसाइट आणि फुकट असेल तर ब्लॉग, असं नसतं, स्वतःच्या नावाचं डॉट कॉम घेऊनही आत ब्लॉगच असू शकतो आणि बहुतेक वेळा असतोच. वर मेनू आला म्हणून वेबसाइट, असंही नाही. कमेंट असतात की नसतात, फोटो फिरतो की नाही फिरत, हे सगळं सोडून द्या.

खरा फरक एकच, क्रम कोण लावतं. ब्लॉगवर क्रम तारीख लावते. वेबसाइटवर तुम्ही लावता, वाचणारीला आधी काय लागेल ते बघून.

ऐकायला फुसका वाटतो ना हा फरक? मलाही वाटायचा. म्हणून मी त्या बाईंच्या कथेची लिंक माझ्या मावशीला पाठवली, मुद्दाम मधल्याच भागाची, भाग ३ ची, कारण खरी माणसं तशीच येतात, भिशीच्या ग्रुपवर कोणीतरी फॉरवर्ड केलेला मधलाच कुठलातरी भाग हातात येतो. मावशी बासष्टची, दुपारी ओटा आवरला की फोन घेऊन आडवी होते आणि प्रेमकथा वाचते, चांगली चोखंदळ आहे. मी बाजूला शेंगा सोलत बसले. भाग ३ आवडला तिला, म्हणाली, "अगं, ह्याचा पहिला कुठंय?" आणि वरच्या नावावर बोट ठेवलं. पहिलं पान आलं. संक्रांत ओलांडली, पाहुणे ओलांडले, आणि भाग ६१ च्या शीर्षकाखाली ब्लॉग आपोआप दाखवतो तशा सुरुवातीच्या दोन ओळी होत्या, त्यात नायिका खिडकीत उभी राहून गळ्यातल्या मंगळसूत्राशी चाळा करत होती. भाग ३ मध्ये ती दोघं एकमेकांकडे धड बघतही नव्हती! मावशी म्हणाली, "म्हणजे झालं होय लग्न यांचं?" मग तिनं "जुन्या पोस्ट" वर चार वेळा दाबलं, भाग ३८ पर्यंत पोचली, वाटेत दिसायचं ते सगळं दिसलं, अपघात, सासूचं मन वळलं, डोहाळजेवण सुद्धा. फोन बाजूला ठेवला. "जाऊ दे, कळलंच सगळं."

तर असं आहे. नवीन ते वर, हा नियम बाजारभावाला बरोबर, क्रिकेटच्या स्कोअरला बरोबर, कालचा कांद्याचा भाव आज कोणाला हवाय. पण कथेत सगळ्यात नवीन म्हणजे शेवट! ब्लॉग इमानदारीत तुमच्या कथेचा शेवट उचलून पहिल्या पानावर ठेवतो आणि सुरुवात तळघरात टाकतो, त्याची चूक नाही, तो त्याचं काम करतोय.

इथे कोणीतरी हमखास म्हणतं की प्रेमकथेत शेवट काय लपवायचा, दोघं एकत्र येणार हे माहीतच असतं. बरोबर आहे, माहीतच असतं, रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिकानं प्रेमकथेची जी व्याख्या केली त्यातही दोनच अटी होत्या, प्रेमाची गोष्ट केंद्रस्थानी हवी आणि शेवट समाधान देणारा, आशेचा हवा. पण म्हणूनच तर! शेवट आधीच ठाऊक आहे म्हटल्यावर वाचणारी फक्त "कसं" साठी येते, पहिल्यांदा नाव कधी घेतलं, अहो-जाहोवरून अगं-तुगंवर कधी आले, आणि "कसं" म्हणजे क्रम. प्रेमकथेत क्रम हाच माल आहे, तोच उलटा मांडलात तर दुकानात उरलं काय.

"पण मी प्रत्येक कथेला लेबल लावलंय की." हो, लावलंय, आणि त्या लेबलवर दाबून बघा एकदा. तिथेही भाग ६१ वर आणि भाग १ सगळ्यात खाली, कारण लेबल फक्त निवडून देतं, लावून देत नाही. वर्डप्रेसच्या कॅटेगरीचं तेच. एका बाईंनी तर भाग १ वर यावा म्हणून सगळ्या पोस्टच्या तारखा उलट्या बदलल्या होत्या, भाग १ पुढच्या वर्षीचा... मग तो पब्लिशच होईना, शेड्यूलमध्ये जाऊन बसला. एवढी मेहनत करण्यापेक्षा एक साधं पान बनवा.

पान म्हणजे पेज, पोस्ट नाही. तुमच्या डॅशबोर्डवर हे दोन शब्द शेजारी शेजारी असतात आणि अख्खा लेख त्या दोन शब्दांतच आहे खरं तर. पोस्ट तारखेच्या रांगेत उभी राहते, पेज रांगेत नसतं. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जमधल्या रीडिंगमध्ये जा, पहिल्या पानावर ताज्या पोस्ट दाखवायच्या की एक ठरावीक पेज, असं तिथे विचारलेलं असतं, ठरावीक पेज निवडा. एवढं एक बटण दाबलं की ब्लॉगची वेबसाइट व्हायला सुरुवात होते, गुलाबी रंग न लावता. ब्लॉगरवर इतकी सरळ सोय नाही, पण तिथे सेटिंग्जमध्ये रिडायरेक्ट आहे, मुख्य पत्त्यावर येणाऱ्याला तुमच्या पेजवर वळवता येतं.

मग प्रत्येक कथेचं एक भागसूचीचं पेज, हातानं बनवलेलं, भाग १ वर, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी तीन लिंका: मागचा, पुढचा, सगळे भाग. ह्याही हातानंच टाका, कंटाळा करू नका, कारण वर्डप्रेस स्वतःहून जी "पुढील पोस्ट" दाखवतं ती परत तारखेनंच असते, त्यामुळे भाग १७ मध्ये नायकानं हात धरला आणि पुढे दाबलं तर दिवाळीच्या शुभेच्छा. माझा स्वतःचा मूड गेलाय असा.

पहिल्या पानावर काय ठेवायचं? नवीन आलेल्या बाईचा प्रश्न असतो "कुठून सुरू करू", त्याचं उत्तर सगळ्यात वर, आणि उत्तर एकच द्या, तुमची सगळ्यात लाडकी नाही, सगळ्यात लवकर पकडणारी कथा. जुन्या वाचकांचा प्रश्न "नवीन काय", ते त्याच्या खाली. मग बाकीच्या कथा, आणि प्रत्येकीवर स्पष्ट शिक्का, पूर्ण की चालू. हा शिक्का नसलेल्या साइटचा मला मनापासून राग आहे, अर्धवट सोडलेल्या कथांनी पोळलेल्या बायका खूप आहेत, त्या "पूर्ण" बघितल्याशिवाय हात लावत नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे. तीन भावांच्या तीन वेगळ्या गोष्टी असतील तर त्यांचाही क्रम लिहा, भले प्रत्येक सुटी वाचता येत असेल, कारण दुसरीत थोरल्याच्या मुलीचं बारसं असतं आणि मग थोरल्याची गोष्ट कोण वाचणार. अरेंज मॅरेज, कॉन्ट्रॅक्ट मॅरेज, कॉलेजातलं प्रेम परत भेटणं, असे कप्पे केलेत तर उत्तम, वाचक तसंच शोधतात. आणि कथा किती चावट आहे ते एका ओळीत सांगून टाका, लाजू नका, बसमध्ये वाचणारीला आधी कळलेलं बरं.

किंडलवर पुस्तक टाकणाऱ्यांना तर हा फरक पैशात मोजावा लागतो. केडीपी सिलेक्ट या ॲमेझॉनच्या योजनेत पुस्तक घातलं (किंडल अनलिमिटेड, म्हणजे वर्गणी भरून हवं ते वाचायची सोय, तिथे दिसायचं तर घालावंच लागतं) की ९० दिवसांच्या मुदतीत त्याची डिजिटल प्रत दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, स्वतःच्या ब्लॉगवरसुद्धा नाही, नमुना म्हणून १० टक्क्यांपर्यंत चालतो. म्हणजे ६१ भाग ब्लॉगवर तसेच ठेवून तीच कथा तिथे घातली तर नियम मोडला. "ब्लॉगवर म्हणजे माझ्याच घरात आहे ना" हे तिथे चालत नाही. वेबसाइटवर मात्र पुस्तकाचं पान खुशाल राहू दे: कव्हर, मलपृष्ठावरचा मजकूर, नमुना, विकत घ्यायची लिंक.

आता बारीकसारीक, भराभर. संपर्काच्या पानावर स्वतःचा मोबाइल नंबर अजिबात टाकू नका, प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईला रात्री अकराला कसले मेसेज येतात ते मी सांगायला नको. वेगळा ईमेल पुरे. व्हॉट्सॲप ब्रॉडकास्टमध्ये २५६ च जण बसतात आणि तुमचा नंबर सेव्ह असेल त्यांनाच मेसेज जातो, त्यापेक्षा चॅनल बरा, तिथेही वाचकांचे नंबर एकमेकींना दिसत नाहीत. तरी ईमेलची यादी हवीच, २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली तेव्हा रातोरात किती जणांचे फॉलोअर गेले ते आठवा.

पानांचे पत्ते रोमन लिपीत ठेवा. देवनागरी पत्ता दिसायला गोड, पण व्हॉट्सॲपवर पेस्ट केला की बऱ्याचदा टक्क्यांच्या चिन्हांची माळ होते, एका "प्रेम" ची पंचेचाळीस अक्षरं होतात, आणि ती निळी लांबलचक लिंक बघून मावशीला वाटतं व्हायरस आहे. याउलट मजकूर मात्र युनिकोडमध्येच. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीतली (छपाईच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली) फाइल येते, ती चिकटवली की कचरा दिसतो, मग लोक मलपृष्ठाचा फोटो काढून लावतात आणि म्हणतात गूगलवर माझं पुस्तक सापडत नाही. फोटोतली अक्षरं शोधायची कोणी?

एक माझा हट्ट. साइटची भाषा सेटिंग्जमध्ये मराठी निवडा, इंग्लिश किंवा हिंदी ठेवू नका. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाची अक्षरं दिलेली असतात त्यात तेवढ्यानं "ल" आणि "श" आपल्या शाळेतल्या पाटीवरचे होतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. कोणाला कळत नाही म्हणतात. मला कळतं.

आणि त्या उडत्या पाकळ्या, ते बदामाचे कर्सर, कृपा करा, काढा. मावशीचा फोन गरम होतो त्यानं.

त्या बाईंचं काम परवा पूर्ण झालं, भागसूची झाली, पहिलं पान झालं, ६१ भागांच्या तळाला लिंका टाकता टाकता माझी दोन दुपार गेली. सगळं दाखवलं, त्यांना आवडलं, मग जरा थांबून म्हणाल्या, "पण ताई, संक्रांतीच्या शुभेच्छा आता कुठे टाकू?"

म्हटलं, व्हॉट्सॲपवर.