आजोबांचं रिव्हॉल्वर ‘अँटिक’ म्हणून सुटत नाही
नौपाड्यातल्या जुन्या घरात फौजी आजोबांचं रिव्हॉल्वर निघालं की हमखास ऐकू येतं, ‘अँटिक आहे, परवाना लागत नाही.’ हे साफ चूक आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या कलम ४५ ची सूट दुरुस्त करूनही न चालणाऱ्या हत्यारालाच मिळते. नुसतं वय पुरत नाही. १९१५ साली ब्रिटिश फौजेत आलेलं वेब्ली मार्क ६ हे रिव्हॉल्वर आजही गोळी झाडू शकतं. शिवाय पॉइंट ४५५ इंची काडतुसाच्या कित्येक वेब्लींचं सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचा फिरता भाग, मागून घासून पॉइंट ४५ एसीपी हे दुसरं काडतूस बसेल असं केलेलं असतं, आणि त्या काडतुसाचा दाब त्याला झेपत नाही. म्हणून चालवून बघणं नकोच. भरलेलंच आहे असं समजा, चापाला बोट लावू नका, उचलून नेण्याआधी पोलीस ठाण्यात फोन करा. हत्यार जमा करून वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो.